पेशी ओढणारे नॅनोकण: चुंबकत्व मोजायचं कसं आणि भागायचं कशाने

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा रिपोर्ट घेऊन आली. कागदावर आलेख आणि खाली ठळक आकडा: ३८ इमू प्रति ग्रॅम (इमू हे चुंबकत्वाचं एकक). "सर, चांगला आहे ना?" मी विचारलं, "ग्रॅम कशाचा?" ती गप्प.

नमुना होता डेक्स्ट्रान या शर्करेच्या लांब साखळीचं आवरण असलेल्या आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांचा. टी-पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) वेगळ्या करण्यासाठी तिने ते स्वतः बनवले होते. कणांवरची अँटिबॉडी ठरावीक पेशीला धरते आणि मग चुंबक त्या पेशीला ओढून घेतं. वाळवलेल्या पुडीच्या ग्रॅममागे ३८ हे बरोबरच होतं. पण पुढे त्या पुडीत लोह ४० टक्के निघालं, म्हणजे लोहाच्या ग्रॅममागे ९५. ऑक्साइड मॅगेमाइट असल्याचं धरलं, तर त्यात लोह साधारण ७० टक्के असतं, म्हणजे ऑक्साइडच्या ग्रॅममागे ६६. कुपी एकच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे. मोठ्या तुकड्यातल्या मॅगेमाइटचा आकडा साधारण ७५ आणि मॅग्नेटाइटचा ९२ असतो. त्यांच्याशी तुलना करायची तर ६६ घ्यायला हवा. ३८ घेतला तर कण उगाच निकामी वाटतील, ९५ घेतला तर अशक्य कोटीतले.

यंत्र देतं ते फक्त चुंबकीय आघूर्ण, म्हणजे आख्खा नमुना मिळून किती जोराचं चुंबक आहे ते, प्रयोगशाळेच्या बोलीत मोमेंट. त्याला कशाने भागायचं ते यंत्राबाहेर, तराजूवर, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. या विषयातल्या बहुतेक चुका मी भाजकात पाहिल्या आहेत, यंत्रात फार कमी. म्हणून खाली यंत्राइतकीच जागा भाजकाला दिली आहे.

आधी चुंबक मोजा, कण नंतर

हे उलटं वाटेल. पण पेशी वेगळ्या करताना लागतं ते बल, आणि बल म्हणजे मोमेंट गुणिले क्षेत्राचा उतार. उतार म्हणजे दर मीटरला क्षेत्र किती टेस्लाने बदलतं ते. कण कितीही जोरदार असला तरी एकसारख्या क्षेत्रात तो जागचा हलत नाही, फक्त दिशा धरतो.

म्हणून हॉल प्रोबचा टेस्लामीटर घ्या आणि चुंबकाच्या ज्या स्टँडमध्ये पेशींची नळी ठेवणार आहात त्याच्या भिंतीपासून दर मिलिमीटरला क्षेत्र नोंदवत जा. हॉल प्रोब फक्त स्वतःच्या पात्याला लंब असलेला घटक मोजतो. त्यामुळे प्रत्येक जागी तो हळूहळू फिरवून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. समजा २ मिमी अंतरावर ०.३० टेस्ला आणि ४ मिमी अंतरावर ०.२१ मिळाले, तर उतार झाला दर मीटरला ४५ टेस्ला. नळीच्या पलीकडच्या भिंतीशी हाच उतार किती उरतो तेही बघा. तिथली पेशी सगळ्यात शेवटी येते, आणि तीच तुमचा वेळ ठरवते.

आता एक हिशेब. सोयीसाठी उतार दर मीटरला ५० टेस्ला धरू. कण ५० नॅनोमीटरचा, त्याच्या आकारमानात ३० टक्के ऑक्साइड, ऑक्साइडचं चुंबकत्व वरचंच, ६६. अशा सुट्या कणाला पाण्यात वेग मिळतो सेकंदाला साधारण ०.७ मायक्रोमीटर. त्याच सेकंदात ब्राउनी हालचालीमुळे, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी, तो ४ मायक्रोमीटरच्या आसपास कुठेही भरकटतो. थोडक्यात, साधं चुंबक या कणाला गोळा करू शकत नाही. आता असे १०,००० कण १० मायक्रोमीटरच्या एका पेशीवर चिकटले आहेत असं धरा. बल होतं साधारण ३ पिकोन्यूटन आणि वेग सेकंदाला ३४ मायक्रोमीटर. गुरुत्वाकर्षणाने तीच पेशी सेकंदाला जेमतेम ३ मायक्रोमीटर खाली बसते. म्हणजे ५ मिमी अंतर ती अडीच मिनिटांत कापेल, तेही कण पूर्ण संपृक्त असतील (क्षेत्र वाढवूनही मोमेंट आणखी वाढणार नाही असे) आणि उतार वाटभर टिकेल तर. दोन्ही गोष्टी घडत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो.

छोट्या कणांसाठी कॉलम वापरतात तो यामुळेच. कॉलममध्ये लोहचुंबकीय गोळ्या किंवा तारा भरलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागाजवळ उतार प्रचंड वाढतो. मिल्टेनी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मॅक्स ही चुंबकाने पेशी वेगळ्या करायची पद्धत छापली ती याच तत्त्वावर. उलट नॉर्वेच्या युगेलस्टाड यांच्या एकसारख्या गोळ्यांपासून निघालेले डायनाबीड्स १ ते ४.५ मायक्रोमीटरचे असतात. त्यांना कॉलम लागत नाही, स्टँडमधलं चुंबक पुरतं. तुमचे कण यांपैकी कोणत्या जातकुळीचे आहेत त्यावर पुढची मोजमापं ठरतात.

लोह किती: भाजकाची पहिली पायरी

पूड तोलून भागणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात फसवं. डेक्स्ट्रान ओलावा ओढतं. पुण्यात जुलैमध्ये फ्रीझ-ड्राय केलेली ५ मिग्रॅ पूड तराजूवर ठेवा आणि आकडा कसा चढत जातो ते बघत बसा. म्हणून वजनापेक्षा लोहावर भिस्त ठेवावी.

फेनान्थ्रोलिन या लोहाशी रंग देणाऱ्या रसायनाची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. २० मायक्रोलिटर नमुना, त्यात २०० मायक्रोलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, झाकण घट्ट, ६० अंशांवर दोनेक तास. तपकिरी रंग जाऊन स्वच्छ पिवळा आला की कण विरघळले. तळाशी करडा गाळ दिसला तर थांबा, अजून विरघळायचं आहे. मग पातळ करा, हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडने सगळं लोह फेरस करा, फेनान्थ्रोलिन घाला, ॲसिटेट बफरने पीएच ४ च्या आसपास आणा. पंधरा मिनिटांत नारिंगी-लाल रंग स्थिरावतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण वाचा. मोलर शोषकता ११,१०० आहे, म्हणजे १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ०.५ वाचन आलं तर लिटरला साधारण २.५ मिग्रॅ लोह. तरी प्रमाणित लोहाच्या द्रावणाची रेषा दर वेळी स्वतः काढा. पुस्तकातल्या आकड्यावर भागवू नका.

दोन इशारे. विकत घेतलेल्या बीड्समध्ये बहुधा सोडियम अझाइड असतं. त्यावर आम्ल ओतलं की विषारी हायड्राझोइक आम्लाची वाफ निघते. आधी कण धुऊन घ्या आणि काम फ्यूम हुडमध्येच करा. दुसरं, सिलिकाचं आवरण असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल आतपर्यंत नीट पोचत नाही. लोह कमी दिसतं, भाजक लहान होतो आणि चुंबकत्व फुगतं. लोहाच्या ग्रॅममागे १२७ च्या वर आकडा आला, म्हणजे मॅग्नेटाइटच्या मोठ्या तुकड्यापेक्षा जास्त, की आनंद मानण्याआधी इथे येऊन बघा. अशा कणांसाठी आयसीपी (मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेला आवरणाची माहिती देऊन नमुना पाठवावा.

तीन-तीन नमुने करा. या पायरीतली ५ टक्क्यांची चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात तशीच उतरते.

नमुना: ओला, सुका की गोठलेला

व्हीएसएममध्ये नमुना थरथरवतात आणि त्याच्या मोमेंटमुळे जवळच्या वेटोळ्यांत विद्युतदाब तयार होतो. सायमन फोनर यांनी १९५९ साली या यंत्राचं सविस्तर वर्णन छापलं. तत्त्व आजही तेच आहे. अशा यंत्रात पाण्यातला नमुना घालायचा तर कुपी गच्च भरलेली हवी. बुडबुडा राहिला तर द्रव डचमळतो आणि आलेखाला केस फुटल्यासारखं दिसतं.

पाण्याची दुसरी अडचण अशी, की ते स्वतः प्रतिचुंबकीय असतं, म्हणजे क्षेत्राच्या उलट दिशेने किंचित चुंबकत्व घेतं. १ टेस्लाला ५० मायक्रोलिटर पाण्याचा मोमेंट उणे ३६० मायक्रोइमू. तुमच्या नमुन्यात मिलीला १ मिग्रॅ लोह असेल तर त्याचे साधारण ४,७५० मायक्रोइमू येतील, म्हणजे पाणी ७-८ टक्के खातं. मिलीला ०.१ मिग्रॅ असेल तर कणांचे ४७५, पाण्याचे उणे ३६०. पडद्यावर दिसतात ११५, आणि माणूस म्हणतो कण खराब झाले. उपाय सोपा आहे: तीच कुपी, तेवढंच बफर, कण नाहीत, असा कोरा नमुना त्याच दिवशी त्याच सेटिंगवर चालवा आणि बिंदूगणिक वजा करा.

तिसरी अडचण जास्त आडवळणाची. पाण्यात कण आख्खा फिरू शकतो. त्यामुळे ओल्या नमुन्याचा लूप, म्हणजे क्षेत्र वाढवत आणि कमी करत काढलेला मोमेंटचा आलेख, बंद आला, उरलेलं चुंबकत्व शून्य दिसलं, तरी कण सुपरपॅरामॅग्नेटिक (चुंबक काढताच चुंबकत्व विसरणारे) आहेत असं सिद्ध होत नाही. आतला मोमेंट अडकलेला असेल आणि कणच गिरकी घेत असेल तरी लूप बंदच दिसतो. पेशींच्या कामात हा फरक महत्त्वाचा आहे. मोमेंट अडकलेले कण चुंबक काढल्यावरही एकमेकांना धरून बसतात आणि पेशींचे पुंजके होतात. म्हणून एक मापन ओल्या नमुन्याचं आणि एक जखडलेल्या नमुन्याचं, असं दोन्ही करा.

जखडायचं कसं? नुसती वाळवलेली पूड दाबून भरली तर कण एकमेकांना खेटतात आणि त्यांचं परस्पर आकर्षण लूपमध्ये मिसळतं. मॅनिटॉलच्या द्रावणात पातळ करून फ्रीझ-ड्राय केलं तर कण साखरेच्या स्फटिकांत सुटे राहतात. हे मला सगळ्यात बरं वाटतं. कोरड्या पुडीसाठी आयकोसेन हे मेण चालतं. ते ३७ अंशांच्या आसपास वितळतं, त्यात पूड ढवळून थिजवायची. घाईचा मार्ग म्हणजे जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये कापसावर थेंब टाकून वाळवणं. कापूस आणि कॅप्सूल दोन्हींचा कोरा नमुना मात्र हवाच.

आणि स्टील लांब ठेवा. मी एकदा स्क्विड या अतिसंवेदनशील चुंबकमापक यंत्रासाठीची प्लास्टिकची स्ट्रॉ साध्या कात्रीने कापली आणि कोऱ्या स्ट्रॉचा सुरेख हिस्टेरेसिस, म्हणजे उघडा, लूप मिळवला. कात्रीच्या पात्याचा न दिसणारा कीस त्या कडेला लागला होता. तेव्हापासून प्लास्टिकचा चिमटा, सिरॅमिकचं पातं, आणि स्ट्रॉ हाताळायला ग्लोव्ह. बाकावर साचलेली धूळसुद्धा निर्दोष नसते.

नमुना बाहेरगावी पाठवणार असाल तर द्रव पाठवू नका. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये स्क्विड-व्हीएसएम आहे आणि विद्यापीठातली मंडळी तिथे वेळ मागू शकतात. इतर ठिकाणची यंत्रं आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतात. एका संस्थेकडे मी कुरिअरने पाठवलेल्या कुपीचं झाकण वाटेत सैल झालं. तिकडून "नमुना अपुरा" असा एका ओळीचा शेरा आला, आणि माझी दोन महिन्यांनी मिळालेली तारीख गेली. जखडलेली कॅप्सूल, तिच्या शेजारी कोरी कॅप्सूल, दोन्हींवर लोहाचं वजन मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेलं, असं पाठवलं की मोजणाऱ्यालाही बरं पडतं.

यंत्रावर

व्हीएसएमला आधी निकेलच्या गोळीने जुळवून घ्या. खोलीच्या तापमानाला निकेलचा संपृक्त आकडा साधारण ५५ इमू प्रति ग्रॅम आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची प्रमाणित निकेल गोळी ०.५ टेस्लाला ३.४७ इमू दाखवते. तुमचा नमुना गोळीच्या आकाराचा नसतो, तो उंच किंवा पसरट असतो, आणि त्याने वाचन काही टक्क्यांनी हलतं. म्हणून शक्य असेल तर नमुन्याच्याच आकाराचा निकेलचा तुकडा किंवा ज्ञात मोमेंटचं द्रावण त्याच कुपीत ठेवून तपासा. मग नमुना तिन्ही अक्षांवर मध्यात आणा. ही पाच मिनिटं वाचवून कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.

क्षेत्र दोन्ही दिशांना २ टेस्लापर्यंत न्या. बिंदू सगळीकडे सारख्या अंतरावर घेऊ नका. शून्याच्या आसपास ०.०१ टेस्लाच्या आत दाट, पुढे विरळ. आणि एक गोष्ट ऑपरेटरला आवर्जून सांगा: तुमच्या स्टँडमध्ये पेशी जिथे असते तिथलं क्षेत्र, समजा ०.०५, ०.१ आणि ०.३ टेस्ला, या बिंदूंवर थांबून जास्त वेळ सरासरी घ्यायला लावा. २ टेस्लाचा आकडा प्रबंधात शोभतो. पेशीला तो कधी भेटत नाही.

स्क्विड व्हीएसएमपेक्षा साधारण शंभरपट संवेदनशील. पण त्यातलं चुंबक अतिसंवाहक असतं आणि मोठ्या क्षेत्रावरून शून्यावर आणल्यावर त्यात थोडं क्षेत्र अडकून राहतं. यंत्र क्षेत्र सांगतं ते विजेच्या प्रवाहावरून. त्यामुळे पडद्यावर शून्य असताना आत १०-२० ओर्स्टेड असू शकतं, आणि तुमच्या निष्पाप कणांचा लूप तेवढाच उघडा दिसतो. ओळखायचं कसं? पॅलेडियमचा प्रमाणित तुकडा त्याच क्रमाने मोजा. पॅलेडियमला हिस्टेरेसिस नसतं. त्याचा लूप उलट्या बाजूने उघडा दिसला तर दोष चुंबकाचा आहे, आणि किती क्षेत्र अडकलंय तेही त्यातूनच कळतं. दुरुस्ती त्या आकड्याने करायची.

आकड्यांवर हात फिरवणं

क्रम असा: कोरा नमुना वजा, मग लोहाच्या वजनाने भागाकार, मग मोठ्या क्षेत्रातली उरलेली सरळ रेषा बघायची. ती उणे उताराची असेल तर पाण्याची किंवा कॅप्सूलची वजाबाकी अपुरी आहे. अधिक उताराची असेल तर पृष्ठभागावरचे बेशिस्त स्पिन (अणूंचे इवले चुंबक), किंवा न जुळलेलं सुटं लोह. सुट्या लोहाची शंका आली तर कण डायलिसिसने धुऊन लोह पुन्हा मोजा.

एककांत गोंधळू नका. १ इमू प्रति ग्रॅम म्हणजेच १ अँपिअर-चौरस मीटर प्रति किलो, आकडा बदलत नाही. १०,००० ओर्स्टेड म्हणजे हवेत १ टेस्ला. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पुढे लँजेव्हिनचं सूत्र बसवायचं. त्याचा अर्थ सोपा आहे: क्षेत्र मोमेंटला ओढून रांगेत उभं करतं, उष्णता विस्कटते, आणि दोन्ही ऊर्जांच्या गुणोत्तरावर रांग किती सरळ ते ठरतं. वरच्या ६६ इमूच्या ऑक्साइडचा ९ नॅनोमीटरचा गाभा, म्हणजे कणातला ऑक्साइडचा एक सुटा स्फटिक, घेतला, तर खोलीच्या तापमानाला ०.०५ टेस्लाला तो संपृक्ततेच्या ४४ टक्के, ०.१ ला ६७ टक्के, ०.३ ला ८९ टक्के पोचतो. नळीच्या पलीकडच्या भिंतीशी उतारही कमी आणि मोमेंटही निम्म्याहून कमी, अशी दुहेरी मार बसते ती यामुळे.

सगळे गाभे एका मापाचे नसतात, म्हणून एकाच व्यासाचं सूत्र कधीच नीट बसत नाही. लॉगनॉर्मल, म्हणजे मोठ्या मापांकडे लांबलेली, वाटणी धरून बसवा, एक्सेलच्या सॉल्व्हरवरही जमतं. शून्याजवळचा चढ मोठ्या गाभ्यांबद्दल बोलतो, संपृक्ततेकडे जाणारी शेपटी लहान गाभ्यांबद्दल. दोन्ही टोकं जुळली तरच वाटणीवर विश्वास ठेवा. यातून येणारा चुंबकीय व्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या व्यासापेक्षा बहुधा थोडा कमी असतो, कारण पृष्ठभागाचा पातळ थर रांगेत उभा राहत नाही. तो उलट जास्त आला तर गाभे एकमेकांना चिकटून एकत्र वागत असावेत, आणि ते तपासण्यासारखं आहे.

थंड करून

कणांतला मोमेंट कोणत्या तापमानाला मोकळा होतो ते बघायला जखडलेला नमुना शून्य क्षेत्रात ५ केल्विनपर्यंत थंड करा, ५० ओर्स्टेड लावा, मिनिटाला २ केल्विनने तापवत मोजा. मग तेच क्षेत्र ठेवून थंड करत पुन्हा मोजा. पहिल्या वक्राला शिखर येतं. त्याच्या वरच्या तापमानाला बहुतेक कण मोजणीच्या काळात मोकळे असतात. नेएल यांच्या सूत्रानुसार शंभर सेकंदांच्या मापनात ही सीमा येते तेव्हा कणाची अनिसोट्रॉपी ऊर्जा (मोमेंटला एका दिशेत धरून ठेवणारी) औष्णिक ऊर्जेच्या २५ पट असते. घनमीटरला २५,००० ज्यूल अनिसोट्रॉपी धरली तर १० नॅनोमीटरचा गाभा ३८ केल्विनच्या आसपास मोकळा होतो, आणि २० नॅनोमीटरचा थेट खोलीच्या तापमानाला. पेशींच्या कामासाठी शिखर ३०० केल्विनपासून लांब खाली हवं. ओला नमुना गोठवून हे करत असाल तर २७३ केल्विनला बर्फ वितळताना येणारी उडी कणांची समजू नका. १२० केल्विनच्या आसपास मोड दिसला तर आत मॅग्नेटाइट आहे याचा तो व्हेरवे संक्रमणाचा पुरावा. छोट्या कणांत तो सहसा पुसट होतो किंवा दिसत नाही, त्यामुळे न दिसण्यावरून काही ठरवू नये.

एसी ससेप्टिबिलिटीचं, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राला कण किती प्रतिसाद देतात ते मोजणारं, यंत्र हाताशी असेल तर अँटिबॉडी जोडण्याआधी आणि नंतर मोजा, पण गाभा पुरेसा मोठा असेल तरच, म्हणजे कण आख्खा फिरून प्रतिसाद देणारा. पाण्यात ५० नॅनोमीटरचा असा कण साधारण ३ किलोहर्ट्झला शिखर देतो, १०० नॅनोमीटरचा ४०० हर्ट्झच्या जवळ. जोडणीनंतर शिखर डावीकडे थोडं सरकलं तर आवरण जाड झालं, खूप सरकलं तर गुठळ्या झाल्या.

शेवटचा भाजक: पेशी

१९८२ साली मोल्डे आणि मॅकेंझी यांनी डेक्स्ट्रान-लोह कणांनी पेशींना खूण करून चुंबकाने वेगळ्या करण्याची रीत छापली. तेव्हापासून कण खूप सुधारले. तरी दर पेशीमागे किती मोमेंट चिकटला हे मोजणारे अजून थोडेच आहेत. खरं तर काम फारसं अवघड नाही.

पेशींना नेहमीच्या रीतीने कण लावा, तीनदा धुवा, न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजायची आखीव काच) मोजा. ५० लाख पेशींची गोळी कॅप्सूलमध्ये कापसावर वाळवा. शेजारी कण न लावलेल्या तेवढ्याच पेशींची कॅप्सूल, ही कोरी. वरच्या हिशेबातले १०,००० कण प्रत्येकीवर असतील तर एका पेशीवर लोह साधारण ०.६७ पिकोग्रॅम, सगळ्या मिळून ३.४ मायक्रोग्रॅम, आणि मोमेंट ३२० मायक्रोइमू. व्हीएसएमला हे आरामात दिसतं. पेशी ५०,००० च असतील तर मोमेंट ३ मायक्रोइमूवर येतो, तिथे स्क्विडच हवं. लोहाचा आडवा ताळा फेरोझिन या रंग देणाऱ्या दुसऱ्या रसायनाने घ्या, ५६२ नॅनोमीटरला. त्याची शोषकता फेनान्थ्रोलिनच्या अडीचपट असल्याने इतक्या कमी लोहाला तेच बरं. मोमेंटवरून काढलेलं लोह आणि रंगावरून काढलेलं लोह १०-१५ टक्क्यांत जुळायला हवं. रंगाचं लोह फार जास्त आलं तर पेशींचं स्वतःचं लोह किंवा तांबड्या पेशींची भेसळ शोधा.

धुताना एक काळजी. सुटे कण पेशींबरोबर खाली बसले तर तेही मोमेंटमध्ये मोजले जातात. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, त्यातलं लोहही मोजा.

एवढं झालं तरी ही सगळी सरासरी आहे. काही पेशींवर भरपूर कण आणि काहींवर नाममात्र, अशी वाटणी असेल तर सरासरी छान दिसते आणि निम्म्या पेशी नळीतच राहतात. त्यासाठी एकेका पेशीचा वेग मोजावा लागतो. अमेरिकेत झ्बोरोव्स्की आणि चामर्स यांच्या गटांनी यासाठी सेल ट्रॅकिंग व्हेलॉसिमेट्री विकसित केली: ज्ञात उताराच्या क्षेत्रात पेशींची चित्रफीत घ्यायची आणि प्रत्येकीचा वेग काढायचा. घरगुती आवृत्तीही होते. पातळ आयताकृती काचेची नळी, एका बाजूला चुंबक, उलटा सूक्ष्मदर्शक, मोबाइल कॅमेरा आणि खाली मायक्रोमीटरची पट्टी. नळीत क्षेत्र आणि उतार आधीच मोजलेला असेल तर वेगावरून प्रत्येक पेशीचा मोमेंट हातात येतो. शंभर पेशी मोजल्या तरी वाटणीचा आकार दिसतो.

त्या विद्यार्थिनीला मी नेमकं इथवर यायला लावलं. कणांचा आकडा, ६६, चांगला होता. लूप बंद, शिखर ६० केल्विनच्या खाली. पण स्टँडमध्ये तिच्या टी-पेशी वीस मिनिटांतही नीट येत नव्हत्या, आणि ती संश्लेषण तिसऱ्यांदा करायच्या तयारीत होती. ५० लाख पेशींचा मोमेंट निघाला ६० मायक्रोइमू. म्हणजे दर पेशीमागे १,९०० कणसुद्धा नाहीत. कणांत खोट नव्हती, त्यांच्यावरची अँटिबॉडी नीट धरत नव्हती. संश्लेषणाचा फ्लास्क धुऊन ठेवला आणि तिने अँटिबॉडीचं टायट्रेशन, म्हणजे कमीजास्त मात्रा लावून बघणं, सुरू केलं.